किल्लीवरची चिंधी

११ जानेवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. खाडाखोड दिसू नये म्हणून कागद बदलला. आता वाटतं, खोडलेलंच ठेवायला हवं होतं.

पत्ता बावीस वर्षांपूर्वीचा आहे. तू अजून तिथे आहेस की नाही, मला माहीत नाही. आपला धाकटा राघू गेला, तू गॅरेज बंद केलंस, त्यानंतर मी तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही. आज लिहायला निमित्त मिळालं म्हणून लिहिते आहे. मनाने उठून लिहिलं असतं तर जास्त बरं दिसलं असतं.

निमित्त माझ्या लेकीचं. तू तिला पाहिलेलं नाहीस. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण एका जागी टिकत नाही. एकोणीस पूर्ण झाली, गाडी चालवायचा परवाना मिळाला आणि तिला मोटरसायकल हवी आहे. मी स्कूटर सुचवली. "स्कूटर म्हणजे चाकं लावलेला सोफा," म्हणाली. तिच्या बापाला हसू आलं आणि माझा मुद्दा तिथेच संपला.

तिने एक जाहिरात शोधली आहे. जुनी गाडी, पण नीट बांधलेली. इथून सहा तासांवर. शनिवारी आम्ही चौघं कारने जातो आहोत: मी, नवरा, भिंगरी आणि आई. आईला नको म्हटलं तर म्हणाली, "मला न्या. पोर कुठल्या मरणावर बसणार आहे ते बघू तरी."

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

माझी तीच नोकरी चालू आहे. दुकानांतले वजनकाटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा. किलोमागे दोन ग्रॅम कमी भरले तरी मी सोडत नाही. दुकानदार मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

एकच विचारायचं होतं. जुनी मोटरसायकल घेताना काय बघायचं? तू म्हणायचास, "आधी ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी." आणखी काही असेल तर कळव.

तुझी बहीण


३ फेब्रुवारी

दादा,

सोबतचं पत्र 'या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. नवा पत्ता मिळाला म्हणून तेच जोडते आहे. पण ते परत वाचलं आणि त्यात दोन खोट्या गोष्टी सापडल्या. त्या दुरुस्त केल्याशिवाय पाठवणं बरोबर नाही.

जाहिरात भिंगरीने शोधली नव्हती. मुळात जाहिरातच नव्हती. मी दोन महिने खटपट करून तुझ्या गॅरेजातल्या काडीचा नंबर मिळवला, त्याला फोन केला आणि मुलीसाठी एक गाडी बांधून दे म्हटलं. घरी मात्र 'तिला हवी तशी गाडी एका ठिकाणी आहे' असं मोघम सांगितलं. काडी कुणाच्या हाताखाली शिकला, हे घरच्यांना मी तिथे पोचेपर्यंत कळू दिलं नाही.

आणि काय बघायचं हे मला माहीत होतं. तीन वर्षं मी तुझ्या गॅरेजमध्ये टेबलावर बसून कामाची वही लिहिली. प्रश्न विचारला तो तू उत्तर द्यावंस म्हणून.

आता प्रवासाचं सांगते.

सकाळी सहाला निघालो. आई पुढच्या सीटवर. नवऱ्याने म्हटलं, "आई, पट्टा लावा."

"पट्टा लावून काय होतंय? जायचं तेव्हा माणूस जातं."

"तुम्ही जाल हो. दंड मला होईल."

आईने पट्टा लावला. जावयाचं ती ऐकते. मग बाहेर बघायला लागली, आणि हेल्मेट न घातलेला मोटरसायकलवाला दिसला की म्हणायची, "हा एक." थोड्या वेळाने, "हे दोन." भिंगरीने पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. नवव्याला म्हणाली, "आजी, तू मोजू नकोस ना, नजर लागेल त्यांना."

"माझी नजर काय लागायची? डोळ्यांत मोती आलाय."

"मग हेल्मेट नाही हे कसं दिसतं?"

"ते दिसतं," आई म्हणाली, आणि गाडीतलं हसणं तिथे थांबलं.

पोचेपर्यंत एकतीस झाले होते.

काडीचं वर्कशॉप एका गल्लीच्या टोकाला आहे. पत्र्याचं छप्पर, आत तीन गाड्या, भिंतीवर पाने आकाराप्रमाणे लटकवलेले, प्रत्येकामागे त्याची रंगवलेली आकृती. तुझीच पद्धत. पाना जागेवर नसला की भिंतीवर नुसती सावली उरते. काडीचं आता पोट सुटलंय, केस पांढरे झालेत, पण गल्लीत सगळे त्याला काडीच म्हणतात. आईला बघून तो उठला, हात पुसले, पाया पडायला वाकला. आईने त्याला ओळखलं. माझ्याकडे एकदा वळून पाहिलं.

गाडी काळ्या रंगाची. भिंगरीने टाकीवरून हात फिरवला, बसली, किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली आणि तिने डोळे मिटून घेतले. दादा, एकोणीस वर्षांत मी तिला इतकी स्थिर बसलेली पाहिली नव्हती.

काडीने गल्लीत एक फेरी मारून आणली. परत आला तो कपाळाला आठ्या. मागचं चाक उचललं, हाताने फिरवलं, ब्रेक दाबून पाहिला, परत फिरवलं. मग किल्ली काढली, खिशातून लाल कापडाची पट्टी काढली आणि किल्लीच्या भोकातून ओवून बांधली.

"आज नाही मिळणार," म्हणाला. "मागचा ब्रेक शू एका बाजूने घासतोय. नवा उद्या सकाळी बसवतो."

भिंगरीचं तोंड उतरलं. "काका, आम्ही सहा तास गाडी चालवून आलोय. हळू नेईन मी. बाबा मागून कारने येतील."

"चिंधी बांधली, विषय संपला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ही गाडी दारातून बाहेर जायची नाही. गिऱ्हाईक रडू दे, शिव्या देऊ दे. उस्तादांचा नियम आहे. ज्याने बांधली त्यानेच सोडायची."

"आणि दुसऱ्या कुणी सोडली तर?"

काडी हसला. "स्वतःच्या मरणाची गाठ स्वतः कोण सोडतं, पोरी?"

मग त्याचं हसू मावळलं. तो आईकडे बघून म्हणाला, "काकू, तुमच्यासमोर बोलू नये. पण बावीस वर्षं मनात आहे. त्या दिवशी राघू माझ्यासमोरून गाडी घेऊन गेला. दाराशी मीच बसलो होतो. मी किल्ली बघितली, चिंधी नव्हती. पोलिसांना तेच सांगितलं. खोटं नाही बोललो. पण उस्ताद म्हणत होते बांधली होती, आणि उस्ताद विसरणारा माणूस नाही."

आई म्हणाली, "माणूस विसरतो. मग कबूल करतो. माझ्या पोराने कबूल केलं नाही, तेवढंच माझं म्हणणं आहे."

भिंतीवर एका पान्याची सावली रिकामी होती, तिच्याकडे मी बघत राहिले.

निघताना काडीने प्लगच्या खोक्यावर तुझा पत्ता लिहून दिला. तू बसच्या डेपोत असतोस. टायरच्या खात्यात. "उस्ताद ब्रेकला हात लावत नाहीत," तो म्हणाला. "साहेबांनी किती सांगितलं, पगार वाढेल. नाही म्हणाले."

हे पत्र पेटीपर्यंत नेलं आणि परत आणलं. अजून एक दुरुस्ती राहिली आहे.


५ फेब्रुवारी

दादा,

चिंधी तू बांधली होतीस. मी सोडली.

हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले. त्याच्या पुढे-मागे बरंच काही लिहिलं होतं, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, लग्न तीन महिन्यांवर होतं, वगैरे. ते सगळं फाडलं. कारणं सांगायला लागलं की वजन कमी भरतं.

पण काय झालं ते तुला कळायला हवं.

तू दुपारी नवी केबल आणायला गेलास. पुढच्या ब्रेकच्या केबलच्या तीनच तारा उरल्या होत्या, तू मला दाखवल्या होत्यास. किल्ली चिंधी बांधून माझ्या टेबलामागच्या हुकला लावून गेलास. चार वाजता राघू आला.

"तायडे, किल्ली दे."

"चिंधी आहे."

"असू दे की. तुझ्याच कामाला जातोय. कॉलेजची कचेरी पाचला बंद होते. तुला प्रमाणपत्र उद्या सकाळी अर्जाला जोडायचंय ना? का नाही व्हायचं वजनकाट्यांची राणी?"

"दादा येऊ दे."

"दादा येईपर्यंत तुझी राणीची खुर्ची दुसऱ्याला जाईल. मागचा ब्रेक आहे ना? म्हणून तर गाडीला दोन दिलेत."

तुला त्याचं बोलणं माहीत आहे. नाव उगाच राघू पडलं नव्हतं. मी हसले. प्रमाणपत्र मला हवं होतं. त्याने मला भुलवलं असं मी आजवर स्वतःला सांगत आले, पण भुलायला मी लहान नव्हते. दाराशी काडी बसला होता आणि चिंधी दिसली असती तर त्याने राघूला थांबवलं असतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी टेबलामागे वाकून ती सोडली. नुसती किल्ली राघूच्या हातात दिली आणि चिंधी वापरलेल्या ऑइलच्या पिंपात टाकली.

जाताना ब्रेकने साथ दिली. येताना पुलाच्या उतारावर केबल तुटली. प्रमाणपत्र त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. घडीवर डाग पडला होता. मी तेच जोडलं. नोकरी मिळाली.

तू परत आलास तेव्हा तुझ्या हातात नवी केबल होती, गुंडाळलेली. ती तू किती तरी वेळ खाली ठेवली नाहीस. पोलिसांनी काडीला विचारलं, मग तुला. तू म्हणालास, बांधली होती. आई म्हणाली, "निदान खोटं तरी बोलू नकोस." तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. "तायडे, टेबलावर तू होतीस. सांग ना यांना."

मी म्हणाले, "चिंधी नव्हती."

तू माझ्याकडे रागाने पाहिलं असतंस तर कदाचित मी बोलले असते. तुला फक्त नवल वाटलं होतं.

आता परतीचं. काडीने सकाळी नवा शू बसवला, चाक फिरवून पाहिलं, स्वतःच्या हाताने चिंधी सोडली आणि किल्ली भिंगरीला दिली. ती पुढे, आम्ही मागे. तिला चाळीसच्या वर जायचं नाही असं सांगितलं होतं आणि ती जात नव्हती. मागून ट्रक भोंगे वाजवत होते. आई या वेळी मागे माझ्याशेजारी बसली होती, पुढच्या दोन सीटच्या मधून मान काढून. मोजणं बंद. नजर भिंगरीच्या पाठीवरून हलली नाही.

घाट नव्हता, पण एक लांब उतार लागला. खाली पूल. भिंगरीचा मागचा दिवा लागला, विझला, लागला. ती ब्रेक जपून वापरत होती, जसा काडीने शिकवला होता. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी म्हणाले, "आई, चिंधी मी सोडली होती."

तिने मान वळवली नाही. "कसली चिंधी?"

"राघूच्या गाडीची. दादाने बांधली होती. मी सोडून टाकली आणि किल्ली दिली. दादा खरं बोलत होता."

नवऱ्याचा हात स्टीअरिंगवर आवळला. आरशात त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

पूल गेला. मग आई म्हणाली, "काडीने बोलून ठेवलं ते तुझ्या मनाने घेतलं."

"नाही आई. मी खरं सांगते आहे."

"तू लहानपणापासून अशीच. कुणी काही सांडलं की 'माझ्याकडून सांडलं' म्हणायची. तेव्हा बरं वाटायचं. आता नको करूस. माझं वय झालं म्हणून दोघांना समोरासमोर बसवायला निघालीस, कळतं मला."

"आई—"

"पुढे बघ. पोरीवर लक्ष ठेव."


२० फेब्रुवारी

दादा,

तिन्ही पत्रं एकत्र पाठवली. डेपोचा पत्ता बरोबर असेल तर पोचली असतील. उत्तराची अपेक्षा ठेवायचा मला हक्क नाही, तरी रोज पेटी उघडते. हेही लिहून ठेवते.

इथे काय चाललंय ते सांगायला हवं, कारण माझी समजूत होती की खरं बोलण्याचीच काय ती अडचण. बोललं की झालं.

आईने मानलं नाही. मी चार वेळा सांगितलं, प्रमाणपत्राचं, पिंपाचं, सगळं. पालथ्या घड्यावर पाणी. परवा शेजारची मास्तरीणबाई आली होती, तिला आई सांगत होती, "माझी मुलगी देवमाणूस. भावाला घरात घेता यावं म्हणून त्याचं पाप स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाली आहे." मी आतल्या खोलीत होते. बाहेर येऊन पुन्हा म्हणाले, बाई, हे खरं आहे. मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. खोटं बोलले तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला आणि आता खरं बोलते तर माझी आरती करतात.

आईला मी दोष देऊ शकत नाही. तुझ्यावर रागावून ती बावीस वर्षं उभी राहिली. ती काठी काढून घेतली तर ती काय धरणार? आणि धरायला जे उरतं, ती मी आहे. रोज तिच्या गुडघ्यांना तेल लावणारी.

भिंगरीला तिच्या बापाने सांगितलं. त्याला वाटलं मुलीला कळायलाच हवं, कारण गाडी तिच्या हातात आहे. तो माझ्याशी बोलतो. भाजी काय आणू, पाण्याची टाकी भरली का. भांडला असता तर बरं, असं वाटतं, पण तो भांडणारा नाही. एकदाच म्हणाला, "लग्नात तू रडत होतीस. मी सगळ्यांना सांगत होतो, भावाची आठवण येते तिला." आणि उठून गेला.

भिंगरी माझ्यासारखी आहे. तिला पुरावा लागतो. तुला आठवतं, मी बाराव्या वर्षापासून रोजनिशी लिहिते. एकही दिवस सोडलेला नाही, त्याचा मला अभिमान होता. माळ्यावर पेटी आहे, सालवार. भिंगरी शिडी लावून चढली आणि त्या वर्षाची वही घेऊन खाली आली. मी तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. वहीत असेल, असं वाटलं.

तिने पान काढलं आणि उभ्याउभ्या मोठ्याने वाचलं.

"'किल्ली हुकवर होती. चिंधी नव्हती. दादा बांधायला विसरला असणार. त्याला फार कामं असतात.'"

माझंच अक्षर. न थरथरता लिहिलेलं. दुसऱ्या दिवशीच्या पानावर पुन्हा तेच. आठवड्याने पुन्हा. चौथ्या वेळी 'विसरला असणार' चं 'विसरला' झालं होतं.

मला हे आठवत नव्हतं, दादा. पोलिसांना खोटं सांगितलं ते आठवत होतं. पण जी वही मी कुणाला दाखवत नव्हते, तिच्यातही मी शिक्का मारून ठेवला होता.

"आई," भिंगरी म्हणाली, "मग मी कुठलं खरं मानू?"

"आत्ता सांगते ते."

"हेही तूच सांगितलंयस."

आई खाटेवरून म्हणाली, "बघ. लिहिलंय ना तिथे? लिहिलेलं खोटं असतं होय?"

भिंगरीने वही मिटली. त्या दिवसापासून ती गाडीची किल्ली दाराजवळच्या हुकला लावत नाही. खिशात ठेवते. आंघोळीला जाताना बरोबर नेते. हे ती मला दुखवायला करत नाही, एवढं मला कळतं. त्यामुळे जास्त लागतं.

आज कामावर एका वाण्याचा काटा तपासला. बरोबर होता. शिक्का मारायला हात उचलला आणि तसाच राहिला. वाणी म्हणाला, "काय बाई, काट्यावर विश्वास नाही की काय?" मी म्हणाले, काट्यावर आहे.


१७ मार्च

दादा,

तुझं कार्ड काल मिळालं. अक्षर मी लगेच ओळखलं, अजून 'च' उलट्या पान्यासारखा काढतोस. मजकूर इतका थोडा होता की पाठ झाला. तरी समोर ठेवून लिहिते आहे, म्हणजे मी मनाने काही बदलणार नाही.

तू लिहिलंस: 'पत्रं मिळाली. एक विचारायचं आहे. चिंधी मी खरंच बांधली होती का? पहिली काही वर्षं मला बांधतानाचे माझे हात दिसायचे. मग दिसेनासे झाले. मग नुसती किल्ली दिसायला लागली, मोकळी. मी विसरलो होतो असंच धरून आता बरीच वर्षं झाली. त्याची सवय झाली आहे. तू माझं मन राखायला लिहीत असशील तर नको. खरं असेल तर खूण सांग.'

मी हे वाचलं आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. तू कुठे तरी माझ्यावर रागावून बसला असशील, असं मी धरून चालले होते. निदान आपण खरे होतो एवढं तरी तुझ्यापाशी असेल, या हिशेबावर मी बावीस वर्षं काढली. तेही मी घेतलं होतं.

आपण ब्रेकला हात का लावत नाही, याचा तू रात्री-अपरात्री विचार करायचास का, हे मी विचारणार नाही. माफीही मागत नाही. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल.

आईला कार्ड वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, "बघ, शेवटी त्यानेच कबूल केलं." आणि कुशीवर वळली. तिच्या उशीचा अभ्रा ओला झाला होता. पण तिने वाक्य मागे घेतलं नाही, आणि घेईल असं आता मला वाटत नाही. तू इथे येऊ शकशील की नाही, याचं खरं उत्तर 'नाही' असं आहे. ती आहे तोवर तरी.

भिंगरीने कार्ड दोनदा वाचलं. मग विचारलं, "खूण आहे तुझ्याकडे?"

मी आहे म्हणाले.

"मग मला नको सांगूस. आधी त्यांना लिही." तिने माझ्यासमोर पेन ठेवलं आणि अंगणात गेली. तिथे ती मागचं चाक उचलून हाताने फिरवते आहे. घासल्याचा आवाज येतो का, ऐकते आहे. रोज करते.

तर खूण.

तुझ्या गॅरेजमधल्या चिंध्या माझ्या जुन्या लाल फ्रॉकच्या होत्या. आईने तो फाडून तुला दिला होता. त्यावर पांढरे ठिपके होते. त्या दिवशीच्या चिंधीवर एकच ठिपका होता, कडेला, अर्धा कापलेला.

तू दोन गाठी मारायचास. पहिली साधी, दुसरी उलटी, म्हणजे घाईत कुणाला ओढून सुटू नये. पहिली मी नखाने सैल करायला गेले तर जमेना, कारण उलटी तिच्यावर बसली होती. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख मोडलं. राघू टेबलावर बोटं वाजवत होता. मी खाली वाकले, चिंधी तोंडात धरली आणि उलटी गाठ दातांनी ओढली. तू त्या दिवशी जाण्याआधी चेनला ग्रीस लावलं होतंस आणि हात न धुता गाठ मारली होतीस. ग्रीस माझ्या जिभेला लागलं. कडू नव्हतं, गोडसर होतं, आणि रात्रीपर्यंत गेलं नाही. राघूला आणलं तेव्हाही ते माझ्या तोंडात होतं. तू माझ्याकडे बघून 'सांग ना' म्हणालास, तेव्हाही.

हे काडीला माहीत नाही. आईला नाही. माझ्या वहीत नाही. हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही आणि लिहिलंही नाही, त्यामुळे यात मला काही बदलता आलेलं नाही.

तुझे हात तू आता पुन्हा बघ. ग्रीसने काळे झालेले. आधी साधी गाठ. मग उलटी. मग तू टोकं ओढून पाहिलीस, सुटत नाही ना म्हणून.

सुटत नव्हती, दादा. तू घट्ट बांधली होतीस.

तायडी